एकाच तड्याची पाच नावं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला बसलो की स्वतःचाच इतका संताप येतो, की — असो. आज सांगतोच.

वीसेक वर्षांपूर्वी मी साताऱ्याहून चेन्नईला गेलो. अंबत्तूरच्या एका कारखान्यात तक्रारींचं काम बघायचो. आम्ही हँडलं बनवून एका प्रेशर कुकरच्या कंपनीला पुरवायचो. करारात एक कलम होतं — एका खेपेत तोच दोष पाचदा निघाला, तर अख्खी खेप आम्ही परत घ्यायची. ते कलम पद्माबाईंनी भांडून घालून घेतलेलं. त्या कंपनीत आलेला माल त्या तपासायच्या. घराणं तंजावरचं, मराठी जुन्या वळणाची. त्या परक्या शहरात माझ्याशी मराठी बोलणाऱ्या त्या एकट्याच. कुणाचा हात भाजू नये, एवढंच तर त्यांना हवं होतं!

मग एका खेपेची हँडलं तडकू लागली. स्क्रूच्या भोकापाशी, सगळी तिथंच. काही कुकर दुकानांत गेले होते, बाकीचे गोदामात होते. प्रत्येक तक्रारीचं कारण मी लिहायचं. आणि मी काय लिहिलं? एकावर ‘स्क्रू जास्त आवळला’. दुसऱ्यावर ‘वाहतुकीत मार बसला’. तिसऱ्यावर ‘गिऱ्हाइकाने आपटलं’... असं करत पाच. साहेबांनी सांगितलं होतं? छे! ही अक्कल माझी स्वतःची. त्यांनी पाठ थोपटली तेव्हा तर मी खूश झालो — लाज कशी नाही वाटली मला?

पद्माबाईंनी ती पाच हँडलं टेबलावर ओळीने मांडली आणि मला बोलावलं. ‘सर’ला त्या तिकडच्यासारखं ‘सार’ म्हणायच्या.

“सार, हा एकच तडा नव्हे काय?”

मी म्हणालो, “नाही हो बाई, वेगवेगळे आहेत.” मराठीत म्हणालो. आपला माणूस म्हणून त्यांनी विश्वास ठेवला.

गोदामातले कुकर विकायला गेले. तांबरमला एका बाईच्या हातात हँडल तुटलं, उकळती डाळ दोन्ही हातांवर सांडली. चौकशीत माझे कागद निघाले. पाच तक्रारी, पाच कारणं, म्हणून आम्ही निर्दोष. निर्दोष! मग तडकलेली खेप पुढे जाऊ दिली कुणी? पद्माबाईंनी. चौकशीच्या बैठकीतच त्यांना काढून टाकलं.

मी तिथंच बसलो होतो — समोर कॉफी. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पेला उचलला आणि प्यायलो.

तडा एकच होता. पहिलं हँडल हातात घेतलं, तेव्हाच मला कळलं होतं.