थाई न येणाऱ्या काकू

बँकॉकच्या काकूंना थाई येत नव्हतं, हे त्यांच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. बँकॉकमध्ये वीस-बावीस वर्षं राहायचं, तिथे दोन मुलं लहानाची मोठी करायची आणि तिथली भाषा येऊ द्यायची नाही, हे सोपं काम नाही. काकूंनी ते फार मेहनतीने सांभाळलं होतं.

अमेरिकेत शॉमबर्गला आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. त्या वर, आम्ही खाली. मी मुलाकडे नातीला सांभाळायला आले होते, त्या त्यांच्या मिलिंदकडे नातवाला. त्यांचं दर दुसरं वाक्य ‘बँकॉकला आमच्याकडे’ असं सुरू व्हायचं, म्हणून सगळे त्यांना बँकॉकच्या काकू म्हणायचे. पहिल्या हिवाळ्यात खिडकीबाहेर ढीगभर बर्फ पडलेलं बघून त्या म्हणाल्या, “बँकॉकला आमच्याकडे बर्फ फक्त सरबतात.” आणि पडदा ओढून घेतला, जणू काही बर्फाला बोलावलंच नव्हतं.

त्यांच्या समोर पाय पसरून बसायची सोय नव्हती. थाई लोकांत दुसऱ्याकडे पाय करणं वाईट. काकूंनी ते असं उचललं होतं की कोणी पाय लांब केले की त्या काही न बोलता उठायच्या आणि त्या पायांवर उशी आणून ठेवायच्या. बसणाऱ्याला वाटायचं, काय ही माया. तसंच डोक्याचं. तिकडे मुलांच्या डोक्याला परक्याने हात लावायचा नाही. एका सत्यनारायणाला एक वयस्कर काका नातवाला आशीर्वाद द्यायला पुढे झाले. काकूंनी झटकन आपला तळहात नातवाच्या डोक्यावर ठेवला आणि काकांचा हात त्यावर पडला. नंतर मला म्हणाल्या, “आशीर्वाद काय, गाळूनही पोचतो.”

या काकूंना थाई येत नाही, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा बरं वाटलं होतं. मिलिंद संध्याकाळी पुण्याच्या बहिणीशी, वैशालीशी, फोनवर बोलायचा. फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवलेला, आणि भाऊबहीण थाईत सुरू. शेजारी काकू मेथी निवडत बसलेल्या, चेहरा पाटीसारखा कोरा. मला वाटलं, बिचाऱ्या. माझी शाळा चौथीत सुटली. इथे नात आणि तिच्या मैत्रिणी इंग्रजीत बोलायला लागल्या की माझंही तोंड असंच होतं. एकदा तळघरात कपडे धुताना मी धीर करून म्हटलं, “काकू, तुम्हाला थाई नाही, मला इंग्रजी नाही. आपण दोघी सारख्याच.”

काकूंनी माझ्याकडे नीट बघितलं. मग ड्रायर सुरू केला, म्हणजे बाहेर आवाज जाऊ नये. म्हणाल्या, “कुसुम, तू कोणाशी बोलत नाहीस म्हणून सांगते. मला सगळं येतं.”

मग सांगितलं. काकूंच्या यजमानांना बँकॉकजवळ धाग्याच्या गिरणीत नोकरी लागली, तेव्हा मुलं लहान होती. घरात त्यांना सांभाळायला नोई नावाची थाई बाई. मुलं तिला ‘पी नोई’ म्हणजे नोईताई म्हणायची. ती खेड्यातली, मोठ्याने बोलणारी, खळखळून हसणारी. वर्षभरात मुलं तिच्यासारखी बोलायला लागली. मिलिंदला भूक लागली की तो थाईत मागायचा, झोपेत थाईत बडबडायचा. काकूंना धास्ती बसली. उद्या पुण्याला आजीशी कसा बोलणार हा? त्यांनी एक दिवस जाहीर केलं, “मला तुमची ती भाषा कळत नाही. माझ्याकडून काही हवं असेल तर मराठीत मागा.”

मुलं मराठी शिकली. तिथेच थांबायचं, पण काकूंच्या लक्षात आलं की आता मुलं त्यांच्या समोर काहीही बोलतात. परीक्षेत काय झालं, कोणी कोणाला मारलं, शाळेच्या मागे सिगारेट कोणी ओढली. सगळं थाईत, आईच्या नाकासमोर. इतर घरच्या आया दाराला कान लावायच्या. काकू आरामात भेंडी चिरत बसायच्या. त्यांचं एक वाक्य होतं, “कानाला काम द्यावं, तोंडाला सुट्टी.”

पण ऐकलेलं वापरायचं कसं? त्यासाठी काकूंना स्वप्नं पडायला लागली. मिलिंदने गणिताचा पेपर गादीखाली लपवला, तर दुसऱ्या दिवशी नाश्त्याला काकू म्हणाल्या, “काल स्वप्नात तुझी गादी दिसली रे. लाल लाल होती.” मिलिंद पांढरा पडला आणि पेपर घेऊन आला. आईची स्वप्नं खरी होतात, अशी घरात ख्याती झाली. वैशाली लग्न होऊन पुण्याला गेली तरी फ्लॅट घ्यायच्या आधी तिने फोन केला होता, “आई, काही स्वप्न पडलं का?” काकूंना कोकणस्थ बिल्डरबद्दल काय स्वप्न पडणार? म्हणाल्या, दुसऱ्या मजल्यावरचा घे.

हे सांगताना आम्ही दोघी खूप हसलो. मग ड्रायर थांबला, आणि काकू टॉवेलची घडी घालता घालता म्हणाल्या, “वैशाली दहावीत होती. कुठल्या तरी मुलाने तिला नाही म्हटलं. स्वयंपाकघरात नोईच्या गळ्यात पडून रडत होती, सगळं सांगत होती. मी हातभर अंतरावर. मला थाई येत नव्हतं ना, उठून जवळ कशी घेणार? मोदक केले. ना चतुर्थी, ना काही. खाल्ले तिने पोटभर. पण रडली नोईजवळच.”

पुढच्या वर्षी इथल्या कंपन्यांनी माणसं काढायला सुरुवात केली. रोज कोणाचं तरी नाव ऐकू यायचं. एका सकाळी काकू कपड्यांची टोपली न घेताच तळघरात आल्या, तेव्हाच मी ओळखलं.

“मिलिंदची नोकरी गेली,” म्हणाल्या. “काल वैशालीला सांगत होता. मी पोळ्या लाटत होते. सुनेला माहीत आहे, मला सांगायचं नाही असं ठरलंय.”

मी म्हटलं, “पण आत्ताच तर बॅग घेऊन गेले. मी खिडकीतून बघितलं.”

“लायब्ररीत जाऊन बसतो. तिथून अर्ज करतो. लवकर दुसरी मिळाली नाही तर व्हिसा संपेल, सगळ्यांना परत जावं लागेल.”

त्या दिवसापासून काकूंनी आपल्या परीने लढाई सुरू केली. डब्यात दोन पोळ्या जास्त. बॅगेत थर्मास. आमच्या इमारतीतल्या आया मुलांना लायब्ररीत गोष्टीच्या तासाला न्यायच्या. त्यातल्या कोणी मिलिंदला भरदुपारी तिथे बघितलं असतं तर बातमी संध्याकाळपर्यंत पलीकडच्या नेपरव्हिल गावापर्यंत पोचली असती. काकूंनी घरोघर जाऊन सांगितलं की तिथे हीटर फार लावतात, बाहेर आलं की पोरांना सर्दी होते, आमच्याला झाली. नातू जवळच उभा होता. तो म्हणाला, “आजी, आय डोन्ट हॅव अ कोल्ड.” काकूंनी रुमालाने त्याचं कोरडं नाक पुसलं. त्या महिन्यात साऱ्या इमारतीचा गोष्टीचा तास बुडाला.

स्वप्नही पाडून बघितलं. “मिलिंद, काल तू स्वप्नात घरी बसलेला दिसलास. कामाला गेला नव्हतास. आणि मी तुला गरम गरम वाढत होते.” मिलिंद बूट घालत होता. म्हणाला, “आई, आज मीटिंग आहे गं,” आणि गेला. काकू म्हणाल्या, “पहिल्यांदाच माझं स्वप्न वाया गेलं.”

मग दुसरी बातमी आली. मिलिंदने वैशालीला सांगितलं होतं की आईला काही दिवस पुण्याला पाठवतो. तिला कळलं तर ती खचेल. दात दाखवायचं निमित्त करू.

काकूंचे दात म्हणजे अडकित्त्याला सुट्टी. अख्खी सुपारी फोडायच्या. पण दोन दिवसांनी मिलिंद खरंच म्हणाला, “आई, तुझे दात एकदा पुण्यात दाखवून घेऊ या. इथे फार महाग पडतं.”

“माझे दात दुखत नाहीत.”

“दुखायच्या आधीच दाखवायचे असतात.”

तळघरात काकू ओले कपडे हातात घेऊन माझ्यासमोर उभ्या होत्या. म्हणाल्या, “जाऊ का गं? गेले तर हा इथे एकटा कुढत बसेल. नाही गेले तर का नाही ते सांगावं लागेल. आणि ते सांगितलं की संपलं. मुलं पुन्हा माझ्या समोर तोंड उघडणार नाहीत.”

मला कोणी सल्ला विचारत नाही. मला तो देताही येत नाही. मी एवढंच म्हटलं, “तेव्हा मोदक केलेत. आता काय करणार?”

काकू ओले कपडे तसेच घेऊन वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी विरजण मागायला त्यांच्याकडे गेले होते. टेबलावर फोन, मिलिंद आणि वैशालीचं थाई सुरू. सून नातवाला भरवत होती. काकू ओट्याशी पाठमोऱ्या, तांदूळ धूत होत्या. मी शेजारी उभी; मला दह्याची वाटी द्यायला हात पुढे केला, आणि मागे न वळता थाईत बोलल्या. एकच लांबलचक वाक्य, गाण्यासारखं वर-खाली जाणारं. मिलिंदच्या हातातला चमचा हातातच राहिला.

मग फोनमधून वैशालीचा आवाज आला, मराठीत. “दादा, पी नोई आलीय का तिथे?”

काकू थाई शिकल्या त्या नोईकडून. त्यामुळे बोलायच्या हुबेहूब तिच्यासारख्या, खेडवळ आणि मोठ्याने.

मी वाटी घेऊन खाली पळाले. काय बोलल्या ते नंतर विचारलं. “म्हटलं, माझे दात चांगले आहेत. तू उद्यापासून घरी बस, लायब्ररीत डबा गार होतो.”

मिलिंद दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी घरी बसून अर्ज करायला लागला आणि मध्येच मान वर करून एकेक विचारायला लागला.

“शाळेमागची सिगारेट कळली होती?”

“हो.”

“मोटारसायकल?”

“दोन्ही वेळा.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर पुढचं कळलं नसतं.”

वैशालीचा फोन तर तासभर चालला. ती आधी चिडली, मग रडली. शेवटी म्हणाली, “ते मोदक त्यासाठी होते?” काकू हो म्हणाल्या. मग तिने विचारलं, “आणि फ्लॅट? दुसरा मजला?” काकूंनी तेही कबूल केलं. ते मात्र तिने बरेच दिवस मनात ठेवलं.

त्यानंतर त्या घरात थाई बंद झालं. मिलिंदला वैशालीशी काही खाजगी बोलायचं असलं की तो फोन घेऊन गाडीत जाऊन बसायचा. पार्किंगमध्ये, थंडीत, काचा वर करून. काकू खिडकीतून बघायच्या. “आता मला घरातलं शेवटी कळतं, सगळ्या आयांसारखं,” म्हणाल्या. त्याचं त्यांना एवढं वाटत नव्हतं. एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, “थाईत तो मोकळा असायचा गं. मराठीत माझ्याशी सभ्य असतो.”

मी खाली बघत पुढचा टॉवेल उचलला. पण त्यांनी मला सोडलं नाही. “तुला इंग्रजी कळायला लागलंय का नाही?”

मी म्हटलं, “थोडं थोडं.”

“मग सांगून टाक पोरीला. उशीर करू नकोस.”

मी नातीला सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी इंग्रजीत भांडते. मला उत्तर सुचेपर्यंत ती दुसऱ्या खोलीत गेलेली असते. मी तिच्या मागे जाऊन मराठीत देते.

थंडी सरायच्या सुमाराला मिलिंदला जर्सी सिटीत नोकरी मिळाली. सामान ट्रकने पुढे गेलं आणि ही मंडळी गाडीने निघाली. सारी इमारत निरोपाला खाली उतरली होती. नातू आणि सून मागच्या सीटवर बसलेले, मिलिंद सामान कोंबून डिकी बंद करत होता. काकू माझा हात धरून उभ्या होत्या.

तेवढ्यात मिलिंदने गाडीपलीकडून हाक मारली आणि पुढे काहीतरी विचारलं. थाईत. सगळ्यांच्या समोर, अगदी सहज, त्याच्याही लक्षात न येता.

काकूंनी माझा हात घट्ट धरला. मग त्याला थाईतच एका शब्दात उत्तर दिलं.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“काही नाही. पुढे बसतेस का, विचारतोय,” काकू म्हणाल्या. पदर नीट केला, आणि जाऊन पुढे बसल्या.