यामिनीचं नाव कुठे लिहायचं?

“अक्का, गाणं अपलोड करू नका,” कदिर फोनवर म्हणाला. “मी ते परत घेतोय.”

यामिनीचा मॅनेजर रघु माझ्यासमोरच लॅपटॉप उघडून बसला होता. गायक, गीतकार, संगीतकार असे रकाने होते. गायक यामिनी. उरलेल्या दोन्ही रकान्यांत कदिरच्या जोडीला त्याने यामिनीचंही नाव घातलं होतं, आणि तसा मेसेज कदिरला पाठवून मोकळाही झाला होता.

“अशीच पद्धत आहे, मॅडम,” रघु म्हणाला. “मोठं नाव असलं की गाणं चालतं. त्यात त्याचंच भलं आहे.”

मी साउंड इंजिनिअर. तमिळनाडूत, कुंभकोणममध्ये घराच्या मागच्या खोलीत माझा स्टुडिओ आहे. एरवी माझ्याकडे देवळांच्या भक्तिगीतांचं काम असतं. यामिनी चेन्नईची पॉप गायिका, इथल्या मोबाइलच्या दुकानांवरही तिचे फोटो असतात. कदिर जवळच्याच दारासुरमचा, विणकरांच्या घरातला. शब्दही त्याचे, चालही त्याची. त्याने गिटारवर म्हणून पाठवलेला डेमो, म्हणजे गाण्याचा कच्चा नमुना, यामिनीला इतका आवडला की ती रेकॉर्डिंगला इथेच आली.

क्रेडिट म्हणजे गाण्याखाली येणारं नाव. गायकाचं नाव गाणं म्हटल्याबद्दल येतं, गीतकार-संगीतकाराचं ते बनवल्याबद्दल. मोठे गायक बनवणाऱ्यांतही आपलं नाव घुसवतात, ही आमच्या धंद्यातली जुनी तक्रार. खरंखोटं बाहेरच्यांना कळत नाही. मी तर रेकॉर्डिंगच्या वेळी काचेच्या या बाजूला बसलेली होते, सगळं ऐकत होते. तरी गाणं कुणी बनवलं, असं त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. याचंच मला नवल वाटत होतं.

कारण यामिनीने बदल केले होते, हे खरं. गाणं तमिळ, त्याची मुख्य ओळ मराठीत अशी: दार उघडंच आहे, पण तू विचारून ये. लोकांच्या तोंडी बसते त्या ओळीला आम्ही हुक म्हणतो. कदिरच्या चालीत ती सरळ वर चढत होती. यामिनी ‘पण’पाशी थांबली. पूर्ण शांतता. मग उरलेले शब्द तिने खालच्या सुरात, जवळजवळ बोलल्यासारखे म्हटले. शिवाय एका कडव्यात ‘उंबरा’च्या जागी ‘पायरी’ घातलं आणि शेवटी लांब आलाप जोडला. तेव्हा कदिर खूश होता. “असंच ठेवू या,” तोच म्हणाला होता.

थोड्या वेळात तो बाइकवरून आला. यामिनीही हॉटेलवरून आली. कुणी कुणाकडे बघेना.

“मी विणायचं सोडून गाणी करतो, म्हणून घरात रोज ऐकून घेतो,” कदिर म्हणाला. “हे पहिलं गाणं बाहेर पडणार. त्यावरही तुमचं नाव? लोक म्हणतील, तिनेच केलं, याला जोडीला घेतलं.”

“आणि मला लोक काय म्हणतात माहीत आहे?” यामिनीचा आवाज चढला. “हिला नुसता गळा आहे, डोकं दुसऱ्यांचं. ती थांबायची जागा तुला सुचली होती का?”

“नाही. पण थांबणं म्हणजे चाल बनवणं का?”

मला तो प्रश्न फार आवडला. गाणं संपतं कुठे आणि म्हणणं सुरू होतं कुठे? मी म्हटलं, “एक करून बघू. तुमच्यापैकी कुणी नाही, तिसऱ्याच माणसाने गाणं म्हणायचं. यामिनी गेल्यावरही जे गाण्यात राहील ते बनवणं. तिच्याबरोबर जे जाईल ते गाणं म्हणणं.”

रघुने कपाळाला हात लावला. पण दोघं तयार झाले.

तिसरा माणूस घरातच होता. माझे वडील, अप्पा. बँकेतून रिटायर झालेले, भजनात रमणारे. त्यांनी हे गाणं ऐकलेलं नव्हतं. हेडफोन लावून यामिनीचं रेकॉर्डिंग दोनतीनदा ऐकवलं आणि म्हटलं, “आता तुम्ही म्हणा.”

“मज कशास पुसतेस? ही पोरांची गाणी,” अप्पा म्हणाले. आमची मराठी तंजावरची, महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना ती जुनी वाटते. मग मांडीवर ताल धरून ते गायले, अगदी भजनासारखे.

आलाप गेला. तिथे त्यांनी स्वतःचीच एक हरकत घेतली. ‘पायरी’ही गेली, ‘उंबरा’ही आला नाही. त्या जागी अप्पांनी ‘अंगण’ म्हटलं आणि त्यांना पत्ताही नव्हता. पण ‘पण’पाशी ते थांबले. बरोबर तिथेच. आणि पुढचे शब्द खालच्या सुरात आले.

कदिरने कोपऱ्यातली गिटार उचलली आणि आपली मूळची, वर चढणारी ओळ म्हणू लागला. मध्येच अडखळला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा ‘पण’पाशी सूर खाली वळला. तो हसायला लागला.

“आता मलाच ती जुनी चाल म्हणता येत नाही,” तो म्हणाला. “संगीतात राहू दे तुमचं नाव.”

यामिनी रघुला म्हणाली, “गीतकारातून मला काढ. एक शब्द बदलला म्हणून कुणी गीतकार होत असेल तर अप्पांचंही नाव घालावं लागेल.”

“माझें नांव कुठेही नको,” अप्पा घाईने म्हणाले. “भजनमंडळीत काय सांगू?”

गीत कदिरचं. संगीत कदिर आणि यामिनीचं, कदिर आधी. त्याच दुपारी गाणं अपलोड झालं.

ते चाललं. लग्नातल्या ऑर्केस्ट्रात गायक ते म्हणतात, आणि ‘पण’पाशी सगळे थांबतात. कदिरला पुढची कामं मिळाली. अर्थात रस्त्यावर विचाराल तर सगळे ते यामिनीचंच गाणं म्हणतात. गाण्याखालची नावं फार कुणी वाचत नाही.

माझी कसोटी सगळीकडे चालेल असं मी म्हणत नाही. आवाजाच्या पोतावरच उभी असलेली गाणी असतात, तिथे ती फसेल. पण मी एक सवय लावून घेतली आहे. माइक सुरू करण्याआधी सगळ्यांना विचारते, “आज इथे काही नवीन सुचलं तर ते कुणाचं?” गाणं चालल्यावर या प्रश्नाचं उत्तर देताना माणसं भांडतात. आधी विचारलं तर चहा पितापिता देतात.