गणपतीला आले की ठरवू

आमच्या संगमेश्वराकडच्या गावात मुलींच्या शिक्षणाला कोणाचाही विरोध नाही. असता तर निदान भांडता आलं असतं.

माझ्या बहिणीची मुलगी बारावीला गावात पहिली आली. तिला बी.एस्सी. करायचं होतं आणि रत्नागिरीच्या कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलंही होतं. राहायची अडचण नव्हती. मी रत्नागिरीत एकटीच असते. बहिणीला फोन केला, तर म्हणाली, "थोरल्या भावोजींना विचारल्याशिवाय कसं गो? गणपतीला आले की ठरवू."

थोरले भावोजी म्हणजे तिचे मोठे दीर. मुंबईला असतात, गावच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत. विहिरीला पंप बसवायचा की मुलगी उजवायची, सगळं चाकरमानी गावी आल्यावर ठरतं, अशी रीत. आता प्रवेश पावसाच्या सुरुवातीला आणि गणपती भाद्रपदात, एवढं कोणतंही कॅलेंडर सांगेल.

"अगं, त्यांच्याकडे फोन आहे ना?"

"असल्या गोष्टी फोनवर होतात काय?"

तिच्या मुलाचा डिप्लोमा फोनवरच ठरला होता. भावोजी तेव्हा दाढी करत होते, हे तिनेच मला कौतुकाने सांगितलं होतं.

प्रवेशाची मुदत संपली. तिची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. मग गणपती आले, भावोजी आले आणि देवळाच्या सभामंडपात गुणवंतांचा सत्कार झाला. भाचीला शाल, श्रीफळ आणि मखराएवढं सन्मानचिन्ह मिळालं. मुलगी शिकली तर दोन घरं कशी उजळतात, यावर भावोजी इतके बोलले की समईत दोनदा तेल घालावं लागलं. एकही घर का उजळलं नाही, हे विचारायची पद्धत सत्कारात नसते.

शेवटी त्यांनी माईक तिच्यापुढे धरला. "बोल गो, पुढे काय करायचं ठरवलंस?"

"काका, पुढच्या वर्षीचा प्रवेश आत्ताच ठरवता का? तुम्ही आहात तोवर."

पुरुषांत हशा पिकला. बायकांच्या बाजूला कोणी हसलं नाही. भावोजींनी तिच्या पाठीवर थाप मारली. "हुशार आहे हो पोरगी! शिमग्याला येतो, तेव्हा निवांत बोलू. तोवर एखादं चांगलं स्थळही बघून ठेवतो."

टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत, पण ते कोणाच्या लक्षात येण्याइतकी शांतता नव्हती.

घरी आल्यावर बहीण मला म्हणाली, "बघितलंस? नाही म्हणाले नाहीत."

"म्हणाले असते तर बरं झालं असतं," मी म्हटलं.

"तुझं आपलं काहीतरीच!"

भाची पडवीत बसून काकांच्या गाडीत ठेवायचे तांदूळ पिशवीत भरत होती. शाल अजून तिच्या खांद्यावरच होती. ती खाली घसरू नये म्हणून तिने हनुवटीखाली दाबून धरली होती, कारण दोन्ही हात कामात होते.