दियानोराने मागे ठेवलेली मरियामाता

दियानोराचा नवरा लापो हा प्रातो गावातला रंगारी. तो तापाने गेला, आणि त्याला माती देऊन लोक परततात न परततात तोच तिचा भाऊ बेत्तो खेचर घेऊन दारात हजर झाला. तिकडे असंच होतं. तरुण विधवेला माहेरचे घेऊन जात, दुसरं लग्न लावून देत. तिने आणलेलं सगळं तिच्याबरोबर परत जाई. पोर मात्र बापाच्या घरचं.

तिचा नान्नी अजून नीट बोलतही नव्हता.

"दादा, थोडे महिने राहू दे. अंगावर पितोय रे."

"आणि तुझ्याशी लग्नाला तयार झालेला पिस्तोया गावचा तो माणूस काय ताटकळत बसणार? ऊठ."

सासू चुलीजवळून कडाडली, "न्या, सगळं न्या! भिंतीचे खिळेसुद्धा उपटा!"

बेत्तोने खरंच भिंतीला हात घातला. पलंगाच्या वर मरियामातेचं चित्र होतं, मांडीवर बाळयेशू. वडिलांनी दियानोराला लग्नात दिलेलं.

दियानोरा आडवी आली. "ते इथंच राहील."

"वेड लागलं का?"

"पोराला आई म्हणून बघायला काहीतरी असू दे."

भावाच्या शब्दाबाहेर ती तेवढी एकदाच गेली. त्याने हात खाली घेतला.

दुसरा नवरा बरा निघाला, पण मूल झालं नाही. संध्याकाळची घंटा झाली की तिची सुई थांबे. आता तिकडे चित्रापुढे मेणबत्ती लावली असेल. नान्नी बघत असेल.

बऱ्याच वर्षांनी, ईस्टरनंतर, पहिल्या सासूने नान्नीला भेटायची परवानगी दिली. दार एका उंच, शेलाट्या पोराने उघडलं.

"बसा बाई. आजी येतेय. तोवर माझी आई दाखवू?"

त्याने चित्रावरचा पडदा अलगद सारला. "ही. रात्री मी हिला सगळं सांगतो."

दियानोरा बघत राहिली. तो चेहरा तिचा नव्हता, कुणाचाच नव्हता. दारात सासू येऊन उभी होती, तिने नजर चुकवली. एक शब्द पुरला असता. पण त्याच्याजवळ आई होती, आणि ती काढून घ्यायला दियानोराची जीभ वळेना.

"सुंदर आहे रे," ती म्हणाली.

"तुम्हाला मुलं आहेत?"

"नाही."

त्याला तिची कीव आली असावी. तिचा हात धरून तो तिला परसातले ससे दाखवायला घेऊन गेला. तिने एकेकाचं नाव विचारलं.