सुतकात खाल्लेली नखं

आई गेली तेव्हा सुतकात मी माझी सगळी नखं खाल्ली. आमच्याकडं सुतकात नखं काढत नाहीत. वाढेल ते वाढू द्यायचं आणि दहाव्याला नदीवर उतरवायचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी काय उपयोग होता म्हणा! औंधाच्या पलीकडं आमचं गाव. घर माणसांनी भरलेलं, वडील फौजेत, लांब कुठंतरी डोंगरात, तार मिळून निघालेले पण पोचलेले नव्हते. मी दाराआड बसून बोटं चघळत होते. शाळेत जाणारी पोर होते, दुसरं काय करणार?

दहाव्याला कावळा शिवेना. चुलत्यानं हात जोडून सगळी वचनं दिली. पोरीला सांभाळू, तिची शाळा बंद करणार नाही, आईची लाडकी म्हैस विकणार नाही. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, चांगले गलेलठ्ठ, पण एक खाली उतरेल तर शपथ. ऊन डोक्यावर आलं तेव्हा दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं उठली.

तेवढ्यात आत्तीनं, म्हणजे वडिलांच्या धाकट्या बहिणीनं, माझा हात धरून वर केला. बोटांच्या टोकांना रक्त साकळलेलं होतं.

"आगं बया! सुतकात नखं खातीया पोरगी," ती म्हणाली. "कावळा शिवंल कसा? वैनी हितंच अडकली की हिच्या पोटात!"

चारचौघांत बोलली. बायकांनी पदर तोंडाला लावले आणि माझ्यापासून जरा लांब सरकल्या. मला मात्र खरं सांगायचं तर पहिल्यांदा हायसं वाटलं, आणि मग रात्रभर पोटावर हात ठेवून मी भीतीनं जागी राहिले.

वडील आले, रडले, रजा संपली तसे परत गेले. मला आत्तीनं सांगलीला नेलं. आत्तीला मूल नव्हतं, नवरा दिवसभर कामावर. तिनं एकच ध्यास घेतला, माझी नखं वाढवायची. "धाच्या धा नखं वाढू देत. मग घाटावर जाऊन रीतीनं काढू, भाताचा मुटका ठिवू. वैनी सुटंल." तिनं बोटांना कडुलिंब लावला, कोरफड लावली, एकदा तर मिरचीची पूड. मी मिरचीसकट खाल्ली. नाकातोंडातून पाणी वाहत होतं आणि मी खातेय! आत्तीनं कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी ती मला मागच्या गल्लीतल्या रंगवाले काकांकडं घेऊन गेली. जत्रेतल्या नाटकांना ते तोंडं रंगवून द्यायचे. खेड्यापाड्यांत तेव्हा राणीचं काम मिशीवालाच करायचा, आणि त्या राणीला दाढी घोटून, टोप चढवून, शेवटी नखंही लावावी लागत. काका ती जुन्या सिनेमाच्या फिल्मची करायचे. सोड्याच्या पाण्यात घालून फिल्मवरची चित्रं धुवायची, उरलेली काचेसारखी पट्टी गरम पाण्यात मऊ करून बोटावर बाक द्यायचा, आणि कातरून, घासून, मिशा चिकटवायच्या डिंकानं बसवायची.

"दातांना कळलं की हा आपला माल नाही, की सोडतात ते," काका म्हणाले. "फक्त चुलीजवळ फिरकायचं नाही, बाळ. भपकन पेट घेतात."

माझ्या बोटांवर नखं बसली. किंचित पिवळी, लांबट, मोठ्या बाईची. मी लगेच अंगठा तोंडात घातलाच. नख तुटलं नाही, पण जिभेवर कापराचा वास आला. आईला जिथं निजवलं होतं तिथं कापूर जळत होता, तोच वास. मी अंगठा बाहेर काढला आणि त्या दिवशी जेवले नाही.

आता ऐका, ह्यापुढचं मी माझ्या सुनेलाही सांगितलेलं नाही. उगाच हसेल.

एका दुपारी आत्ती आत तांदूळ निवडत होती आणि मी न्हाणीघरात नळाखाली पितळी घागर लावून बसले होते. घागर भरत आली तशी मी तिच्या पोटावर अंगठ्याच्या नखानं वाजवलं. टक टक, जरा थांबून, टक. आई असंच वाजवायची. घागर किती भरली ते ती बघायची नाही, ऐकायची. मी आयुष्यात कधी तसं वाजवलं नव्हतं. खाल्लेल्या नखानं वाजवणार काय, डोंबल!

आतून सूप पडल्याचा आवाज आला. मग आत्तीचा, अगदी बारीक.

"वैनी?"

आणि मी म्हणाले, "काय वं वन्सं?"

वन्सं! आत्तीला ह्या नावानं हाक मारणारं जगात एकच माणूस होतं. मी चेष्टेनं म्हणाले का? अंगात तेवढी खोड होती, नाही म्हणत नाही. पण तोंडातून शब्द गेल्यावर माझ्याच मानेवर काटा आला. घागर भरून वाहायला लागली तरी आम्हा दोघींपैकी कुणी उठलं नाही.

त्यानंतर आत्ती माझ्याकडं बघून बोलेनाशी झाली. माझ्या हातांकडं बघून बोलायची. डिंक सुटला की काका नखं उचलून परत बसवायचे, आणि खाली माझी नखं वाढत होती. मला ती रात्रंदिवस जाणवायची. कुणीतरी पांघरुणाखाली कूस बदलावी तशी.

थंडी सरता सरता काकांनी स्पिरिटचा बोळा फिरवून एकेक नख उतरवलं. खालची नखं पांढरीफटक, पातळ, पण पुरती वाढलेली. उजव्या अंगठ्याच्या नखावर मधोमध उभा कंगोरा होता. आईच्या नखावर होता तसा, तिथंच. माझ्या नखाला असा कंगोरा होता की नव्हता, मला ठाऊकच नव्हतं. मी त्याला कधी वाढू दिलं होतं का? आत्तीनं बघितलं आणि तोंडात पदराचा बोळा कोंबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कृष्णेच्या घाटावर गेलो. आत्तीनं पायरीवर भाताचा मुटका ठेवला आणि न्हाव्याकडून मागून आणलेली नराणी काढली, नखं काढायची ती. तिनं माझा उजवा हात मांडीवर घेतला, पण अंगठा शेवटी ठेवून करंगळीपासून सुरुवात केली. नखाची कोर पाण्यात पडली. कठड्यावर एक कावळा येऊन बसला. दुसरी कोर पडली, तो पायरीवर उतरला. गावाकडं कावळे सकाळभर हलले नव्हते, आणि हा चालत येतोय, मान तिरकी करून, सरळ मुटक्याकडं.

तेव्हा मला कळलं. अंगठ्याचं नख पडलं की हा शिवणार. हा शिवला की आई जाणार. खरोखरची जाणार, परत घागर वाजवायला यायची नाही.

मी हात हिसकला, अंगठा तोंडात घातला आणि कंगोऱ्यावरच दात रुतवून ते नख मुळापासून तोडलं. आणि गिळलं. कावळा फडफडून उडाला तो पार पलीकडच्या तीराला गेला.

"का गं? का केलंस आसं?" आत्ती ओरडली. घाटावरची माणसं बघायला लागली.

"तिला जाऊ द्यायचं न्हाई मला!" मीही ओरडले. "न्हाई म्हंजे न्हाई!"

वाटलं, आता कानशिलात बसणार. आत्तीनं नराणी पदरात गुंडाळली, मुटका पाण्यात सोडला आणि पुढं चालायला लागली. वाटेत एकदाही मागं वळली नाही.

घरी आल्यावर तिनं घागर भरली आणि माझ्यापुढं आणून ठेवली. तिला ह्या घरात येण्याआधी, लहानपणी, माझ्याच आईनं वेणीफणी करून वाढवलेलं, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं!

"वाजीव," ती म्हणाली.

अंगठा रक्ताळलेला होता, म्हणून मी राहिलेल्या बोटाच्या नखानं वाजवलं. टक टक. जरा थांबून, टक.

आत्तीनं घागरीला कान लावला आणि डोळे मिटले. मग माझा हात ओढून स्वतःच्या गालाला लावला.

"हाय गं," ती म्हणाली. "हाय अजून."