अक्काकडे न खाल्लेले मांडे

पंप विकणाऱ्या एका कंपनीत माझी सव्वीस वर्षं गेली. जळगाव आणि धुळे, हे दोन जिल्हे माझ्याकडे. आठवड्यातले चार दिवस मी बाहेर जेवायचो. पारोळ्याच्या अलीकडे कुठल्या धाब्यावर दाल-बट्टी चांगली मिळते, रावेरकडे कुठल्या गाडीवर केळीचे वेफर कढईतून काढून थेट कागदावर टाकतात, शिरपूरच्या रस्त्यावर कुणाची शेवभाजी खरी आणि कुणाची नुसती लाल, हे मला पाठ होतं. कंपनीतली पोरं निघण्याआधी मला फोन करायची. मी त्यांना ऐटीत सांगायचो, जणू मीच ती हॉटेलं काढली होती.

घर जळगावला, पिंप्राळ्यात. थंडीत बायको भरताची वांगी आणायची, हिरवी, लांब, बिया नसलेली. गच्चीवर कपाशीच्या काड्या पेटवून त्यांवर भाजायची. खाली येऊन ठेचायची, त्यात कांद्याची पात घालायची, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. आणि मी आठ वाजता बूट काढत म्हणायचो, "जेवून आलो." माझ्या घरात मी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य बहुधा हेच असेल. बायको मात्र ऐकून घेणारी नाही. "मग घरी झोपायला तरी कशाला येता, हॉटेलवाल्याकडेच खाट टाका," असं म्हणून ती मोकळी व्हायची. तिच्याशी माझा हिशेब रोजच्या रोज मिटत असे. अक्काशी मिटला नाही. ते मला लिहायचं आहे.

अक्का माझी थोरली बहीण. सोनगीरला दिलेली. तिचं सासर शेतकऱ्याचं, घरात चार म्हशी, अंगण शेणानं सारवलेलं, मोरी दारातच. मी दर महिन्याला सोनगीरवरून जायचो आणि वर्षातून एकदा-दोनदा तिच्याकडे डोकवायचो. चहा घ्यायचो, निघायचो. ती प्रत्येक वेळी म्हणायची, "भाऊ, एकदा तरी जेवायच्या टायमाला ये." मी हो म्हणायचो.

दहा-अकरा वर्षांपूर्वीचा मे महिना. पुण्याहून आमचे मोठे साहेब दौऱ्यावर येणार होते. धुळ्याच्या बाजारात सकाळी बैठका, दुपारनंतर शिरपूर. हे मी बोलता बोलता अक्काला फोनवर सांगून बसलो. ती लगेच म्हणाली, "म्हणजे दुपारी सोनगीरवरूनच जाल. रस आणि मांडे करते. साहेबांनापण घेऊन ये." मी गप्प राहिलो. तिनं पुढे सांगितलं, "आता आमच्याकडे टेबल आहे. खुर्च्या आणल्यात. बसायच्या खोलीत नवीन पंखा बसवलाय."

तिनं पंख्याचं का सांगितलं ते मला त्याच वेळी समजलं होतं. मी म्हणालो, "बरं, येतो. एक वाजेपर्यंत."

खापरावरचे मांडे काय असतात हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्या वाचकासाठी लिहितो. गव्हाचं पीठ फडक्यातून चाळून घ्यायचं, भिजवायचं आणि हात दुखेपर्यंत तिंबायचं. त्यात पुरण भरून गोळा लाटायचा, मग दोन्ही हातांवर घेऊन झुलवत, कोपरापर्यंत येईल एवढा ताणायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायचा. क्षणात भाजतो. उतरवला की लगेच घडी घालायची. तो गरमच खायचा असतो. म्हणून पाहुणा पाटावर बसल्याशिवाय पहिला मांडा खापरावर पडत नाही, आणि पाहुणा जेवल्याशिवाय घरातला पुरुष जेवत नाही. पीठ मात्र आधीच तयार ठेवावं लागतं. मेच्या उन्हात ते फार वेळ दम धरत नाही, सैल होतं, मांडा हातात फाटायला लागतो.

हे सगळं मला माहीत होतं. आमच्या आईचा हात या कामात चांगला होता आणि अक्का तिच्याकडूनच शिकली होती.

त्या दिवशी धुळ्यातून निघायला साडेबारा झाले. गाडी मीच चालवत होतो. साहेब म्हणाले, "काय हो, दोन दिवस नुसतं पनीर खाऊ घालताय. इथलं काही खास खायला मिळतं की नाही?" तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण डोळ्यांसमोर आल्या त्या दारातल्या म्हशी, मोरीवर घोंगावणाऱ्या माश्या, अक्काच्या सासूबाईंचं मोठ्यानं बोलणं, आणि ह्या सगळ्याच्या मधोमध साहेबांचा पांढरा शर्ट. मी म्हणालो, "आहे ना सर. सोनगीरच्या फाट्यावर शेवभाजी मिळते, तशी कुठे मिळणार नाही."

फाट्यावरच्या त्या हॉटेलातून किल्ला दिसतो. किल्ल्याच्या पायथ्याशी गाव, गावात अक्काचं घर. पायी गेलं तरी दहा-पंधरा मिनिटं. मी ठरवलं होतं की थोडं खायचं, साहेबांना सोबत द्यायची, आणि मग एकट्यानं जाऊन अक्काकडे पुन्हा बसायचं. पण रस्सा झणझणीत होता, साहेब खुश होते, "अजून एक प्लेट सांगा," म्हणत होते, आणि मला माझ्या माहितीचा तोरा मिरवायला मिळत होता. मी चार रोट्या खाल्ल्या. वर ताक प्यायलो. घड्याळात दोन वाजून गेले होते.

हात धुताना मी साहेबांना म्हणालो, "सर, इथे गावात माझी बहीण असते. दहा मिनिटांत भेटून येतो."

साहेब हातातला रुमाल तसाच धरून उभे राहिले. "बहीण? इथे? अहो, मग आधी नाही का सांगायचं! घरचंच जेवलो असतो. माझं सगळं लहानपण खेड्यात गेलंय."

"घरी जरा अडचण आहे सर," मी म्हणालो.

साहेब लिंबाखालच्या खाटेवर आडवे झाले आणि मी गाडी घेऊन गावात गेलो.

अक्काचे सासरे, आबा, ओट्यावर बसले होते. डोक्यावर ओला टॉवेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पायांतल्या चपला बाजूला सरकवल्या, एवढंच. आत टेबलावर स्वच्छ चादर अंथरलेली, त्यावर रसाचं पातेलं जाळीखाली झाकलेलं. दाजी आणि त्यांचा भाऊ भिंतीला टेकून बसले होते. कुणी जेवलेलं नव्हतं. अक्का चुलीपुढून उठून आली. तिचा चेहरा जाळानं लालभडक झाला होता. माझ्यामागे कुणी येतंय का, हे तिनं दाराकडे मान वाकवून पाहिलं.

"साहेब?"

"त्यांना तातडीनं पुढे जावं लागलं."

"बरं. तू बस. पीठ सैल झालंय जरा, पण होतील मांडे."

माझ्या पोटात घोटभर पाण्यालासुद्धा जागा नव्हती. मी म्हणालो, "अक्का, माझं पोट बिघडलंय. सकाळपासून. काही खाल्लं तर गाडी चालवता येणार नाही."

सासूबाई आतून म्हणाल्या, "पुण्यावालासंगे फिरी फिरी पोटबी पुण्यानंच व्हई गये का रे भाऊ?"

दाजी हसले. अक्का हसली नाही. "त्याचं पोट लहानपणापासून नाजूक आहे," ती म्हणाली. हे खोटं होतं. लहानपणी आमच्या घरात सर्वांत जास्त मीच खायचो, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

मग ओट्यावरून आबांचा आवाज आला. "उनमां व्हस तसं. ऱ्हावू द्या त्याले."

आबा बोलले म्हटल्यावर विषय संपला. अक्कानं मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत आणलं. आजारी माणसासारखं मी ते घोट घोट प्यायलो. तिनं डब्याचं विचारलं, मी नको म्हणालो. डबा घेतला असता तर साहेबांना काय सांगणार होतो? निघताना आबांच्या पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला. हात घामानं ओला होता.

त्यानंतर अक्कानं मला कधी जेवायला बोलावलं नाही. रागावली नव्हती. राखीला यायची, माझ्या मुलांचं करायची, फोनवर भरभरून बोलायची. फक्त ते एक वाक्य तिच्या बोलण्यातून गेलं. सुरुवातीला मला सुटल्यासारखं वाटलं, हेही कबूल करतो.

गेल्या वर्षी थंडीत आबा गेले. मी दहाव्याला जाऊन आलो.

या मे महिन्यात एका रविवारी बायकोनं बचत गटाच्या बायकांकडून मांडे मागवले. रस घरी काढला. पहिला घास घेऊन ती म्हणाली, "चांगले आहेत. पण तुमच्या अक्कांच्या हातची सर नाही." मी म्हणालो की अक्काच्या हातचे मांडे मी तिच्या लग्नानंतर कधी खाल्लेच नाहीत. "असं कसं?" तिनं विचारलं. मग मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. ती जेवायची थांबली. मला वाटलं, आता नेहमीसारखं फाडफाड बोलेल. ती एवढंच म्हणाली, "मला कशाला सांगताय? सोनगीरला जाऊन सांगा."

पुढच्या रविवारी गेलो. मुद्दाम सकाळपासून काही खाल्लं नाही. अक्का घरी एकटी होती. सासूबाई आता धाकट्याकडे धुळ्याला असतात, दाजी शेतात गेले होते. ती गहू निवडत बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि पाठ केल्यासारखं सगळं बोलून टाकलं. शेवभाजी, साहेब, म्हशी, मोरी.

ती खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, तुझ्या बाहीवर तेलाचा डाग होता. आणि तो वास काय लपतो का?"

"तेव्हाच कळलं होतं तुला?"

"मला सरबत करतानाच कळलं. आबांना त्याच्या आधी." तिनं सूप खाली ठेवलं. "साहेब सोबत आहेत, सामोरं जायला कुणीतरी हवं, म्हणून मीच आबांना फाट्यावर उभं केलं होतं. साडेबारापासून. तुझी गाडी हॉटेलपुढे लागली ती त्यांनी पाहिली. त्यांना वाटलं पाणी प्यायला थांबले असतील. मग ताटं आलेली पाहिली. परत आले आणि सासूबाईंना म्हणाले, गाडी पंक्चर झाली असंल, येतील."

मी सुपातले गहू उगाच बोटांनी सारत राहिलो.

"मला त्यांनी हे चार-पाच वर्षांनी सांगितलं. सासूबाईंना तर शेवटपर्यंत नाही. तरी त्या ऐकवायच्याच, कुणी पाहुणा आला की, हिच्या भावाला आमचं अन्न चालत नाही. मी काय उत्तर देणार? पोट नाजूक आहे म्हणत राहिले." तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "तू जेवला नाहीस त्याचं एवढं नाही रे. साहेबांना दारापर्यंतसुद्धा आणलं नाहीस."

मी माफी मागितली. तिनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही, आणि उठून माझ्यासाठी ताट केलं. मांडे नव्हते. तिचा उजवा खांदा आता वर होत नाही, तीन वर्षं झाली. भाकरी होती, कैरीचं ताजं लोणचं, सकाळचा वाटीभर रस, हिरव्या मिरचीत घोटलेली डाळगंडोरी. मी खाल्लं. तिनं वाढलं, मी खाल्लं. पोट भरलं तरी पुन्हा भाकरी मागितली. तिसरी संपवून चौथी मोडायला घेतली तेव्हा तिनं माझ्या हाताखालून ताट ओढून घेतलं.

"पुरे. माफी मागायला जेवू नको. भूक लागेल तेव्हा ये."

मी मोरीवर जाऊन हात धुतले. ती पुन्हा गव्हाशी बसली होती. जावं की थांबावं ते मला कळेना. मनात एकच गोष्ट फिरत होती, ती शेवटी विचारली. "त्या दिवशी आबांनी काय खाल्लं?"

"सगळे जेवले तेव्हा ते नको म्हणाले. ऊन लागलं होतं त्यांना." तिनं सुपातला एक खडा उचलून दाराबाहेर टाकला. "सांजच्याला उठून बसले. साहेबांचा आणि तुझा असे दोन मांडे मी घडी घालून ठेवले होते, ते मागून घेतले. पार गार झाले होते, चिवट. दात कुठे होते त्यांना. दुधात भिजवून खाल्ले आणि मला हाक मारून म्हणाले, 'मांडा चांगला व्हयनात, सूनबाई.'"