मी हात लावला की मरणारा प्रोग्राम

आधी खटकला तो एक आकडा. हसू नका! चालू प्रोग्रामला कॉम्प्युटर एक नंबर देतो. तो होता ४१८२. मी चहाचा एक घोट घेतला, बघते तर ५०३६! नंबर बदलतो कधी? प्रोग्राम मरून पुन्हा उठला तरच. म्हणजे माझ्या एका घोटात तो मेला पण आणि उठला पण! पुढे मी जो काही मूर्खपणा केला ना, तो सांगताना अजून कान तापतात माझे.

मी सांगलीत, ऑफिसात. प्रोग्राम तिकडे उंब्रजजवळ, एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. उसाचा ट्रॅक्टर चढला की वजन नोंदवायचं, एवढंच काम त्याला. तेही जमेना! सकाळी दोनदा आपणहून बंद पडला. शेजारच्या टेबलावरच्या नीलेशनं सरांचा निरोप आणला.

"पाचपर्यंत चाललं न्हाई तर तिथलं काम गेलं म्हणत्यात. आणि तुझी नोकरी बी."

झालं! डोक्यात आग.

इंटरनेटवरून डीबगर जोडायला घेतला. डीबगर म्हणजे प्रोग्रामची नाडी बघणारा डॉक्टर. त्यानं नाडी धरली की प्रोग्राम जागच्या जागी थांबतो, मग आतलं दुखणं दिसतं. पण इथे मी नाडी धरायचा अवकाश, पाच सेकंदांत पेशंट गायब! नवा नंबर शोधला, धरला. गायब! परत धरला. परत गायब! अरे, काय माझ्या हाताला काटे आहेत?

"तिथे अँटीव्हायरस तू टाकलास ना?" मी नीलेशवर ओरडले.

"आगं, माझ्यावर का वराडतीस? मी तिकडं गेलोच न्हाई!"

"मग कोण मारतंय त्याला?"

"तू हात लावला की मरतंय की!"

अँटीव्हायरस बंद केला. डीबगर काढून पुन्हा टाकला. इंटरनेटवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिकडे ट्रॅक्टरची रांग हायवेला टेकली म्हणे!

एका हातानं डीबगर जोडत दुसऱ्या हातानं काट्यावरच्या तात्यांना फोन लावत होते. तात्या फौजेतून निवृत्त झालेले, दिलेल्या हुकमातला कानामात्रा न बदलणारे. चौदा फोन केले, एक उचलतील तर शपथ! आणि हेच तात्या मागच्या आठवड्यात, जरा कॉम्प्युटरचा पडदा अडकला की मला फोन करायचे. दर रिंगला मी खुर्चीतून उडायचे. शेवटी उंब्रजला जाऊन मी त्याचा कायमचा बंदोबस्त करून आले होते.

पावणेपाच. संतापानं लॅपटॉप धाडकन मिटला, आणि पंधराव्यांदा फोन लावला.

उचलला!

"तात्या! कुठे होता तुम्ही? फोन का घेत नाही? इथे माझा जीव चाललाय!"

"आवं मॅडम, दोनी हात गुतलेलं! सकाळधरनं पोग्राम लय थांबतोय. आत्ता कुटं जरा नीट चाललाय. पर तुमी काळजी करू नका. थांबला की मी बंद करतोय, लगीच चालू करतोय. पाच सेकंदाच्या वर एकदाबी थांबू दिला न्हाई बगा!"

"हे... हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी म्हंजी? हितं चिठ्ठी डकवलीया की! 'पडदा थांबल्यास फोन करू नये. ताबडतोब बंद करून पुन्हा चालू करावा.' खाली सही हाय मॅडम. तुमचीच!"